उजव्या कानावरचा उंचवटा

मनुष्याची कवटी ही निसर्गाने आजवर उभारलेली सर्वांत भक्कम वास्तू असून तिच्या छत्राखाली मानवजात निर्धास्तपणे विचार करू शकते, असा निर्वाळा मास्तरांनी दिला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कवटीवर गोठवलेल्या मटारची पिशवी होती. पाच मिनिटांपूर्वी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं उघडं दार आणि ही भक्कम वास्तू यांची समोरासमोर भेट झाली होती. दाराला काही झालेलं नव्हतं.

मास्तर म्हणजे या घरातल्या मुलीच्या आईचे वडील. चौतीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते आणि जे जे भूगोलात येत नाही त्याविषयी हल्ली जास्त खात्रीने बोलत. हे विधान त्यांनी सहा वर्षांच्या नातीला धीर देण्यासाठी केलं होतं. नातीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती चालत नसे, गरगरत असे. तिने पिशवीतून एक मटार काढला, तोंडात टाकला आणि मग माझ्या कवटीवर फुगा का आलाय, असं विचारलं. मास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

फुगा सापडला होता तो आईला. केस विंचरताना उजव्या कानाच्या वर, तीन बोटांवर, फणी अडखळायची. आधी तिला तो गुंता वाटला. मग वाटलं, कुठेतरी आपटून टेंगूळ आलं असेल. पण टेंगूळ चार दिवसांत पाहुण्यासारखं निघून जातं, आणि हे महिनाभर राहिलं. बोटाला टणक लागायचं, दुखत नव्हतं, आणि वरची कातडी अगदी शहाण्यासारखी होती. आई कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होती. कानाला यंत्र लावून दिवसाला ऐंशी अनोळखी माणसांची माफी मागायची, ही तिची नोकरी. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्याजवळची माफी संपलेली असायची, हे घरच्यांना माहीत होतं आणि त्या बेताने ते वागत.

कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलगी कधी पडली होती का, असं विचारलं. भिंगरीची सर्व पतनं लिहून घेताना त्यांच्या कागदाची एक बाजू संपली. मग त्यांनी एक्स-रे काढायला लावला. त्यात कवटीच्या पांढऱ्या कमानीवर एक गोल, काळसर डाग होता, नाण्याने छापून काढावा तसा. मुलांच्या कवटीतल्या अशा गोष्टी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, असं ते म्हणाले. 'बहुतेक वेळा' म्हणताना त्यांनी चष्मा पुसला. तीन महिने लक्ष ठेवा, वाढतोय असं वाटलं तर मोठ्या रुग्णालयात जा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

'लक्ष ठेवा' हे वाक्य डॉक्टर दिवसातून वीसदा बोलत असतील. आईबाप दोन दिवस लक्ष ठेवतात, मग दूध उतू जातं, शाळेची बस येते, आणि लक्ष जिथल्या तिथे जातं. पण या खेपेस ते वाक्य भलत्याच माणसाच्या हाती पडलं होतं.

भिंगरीचा बाप बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होता. बेअरिंगचं एकेक कडं मोजायचं, मापात बसत असेल तर डावीकडे ठेवायचं, नसेल तर उजवीकडे टाकायचं. केसाच्या जाडीचा विसावा भाग जरी जास्त झाला तरी त्याचा हात उजवीकडे जाई. उत्पादन खात्याचे साहेब येऊन विनवण्या करीत, तरी तो हात परत येत नसे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नावाने कारखान्यात त्याला मायक्रॉन म्हणत, आणि पुढे पुढे घरीही म्हणू लागले.

एक्स-रे पाहिल्यापासून मायक्रॉनला काही वाटेनासं झालं होतं. भीती वाटत नव्हती. वाईटही वाटत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल असतो, पण आपला नसतो, तसं काहीसं. तो अधूनमधून मनाला बोट लावून पाही आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी मन असे. जेवत होता, कामावर जात होता, कडी नामंजूर करत होता. भावना वाटेत कुठेतरी अडकली असेल, येईल आपली सवडीने, असं त्याने धरलं होतं.

दरम्यान लक्ष ठेवायचं होतं. रविवारी सकाळी नऊ वाजता, आंघोळीच्या आधी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ठेवून तो भिंगरीला बसवी. उजेड त्याच्या डावीकडून. मग लाकडी डबीतून जाडी मोजायचा व्हर्निअर काढी, त्याचे दोन जबडे उंचवट्याच्या दोन बाजूंना टेकवी आणि पट्टीवरचा आकडा वाचे. हलायचं नाही, एवढंच तो तिला सांगे. आकडा तो कारखान्यातल्या तपासणीच्या छापील तक्त्यात भरी. 'वस्तूचे नाव' या रकान्यात त्याने 'उंचवटा, उजवा' असं लिहिलं होतं. 'मंजूर/नामंजूर' हा रकाना मोकळा होता.

सहा रविवार आकडा चौदा पूर्णांक दोन मिलिमीटरवर होता. सातव्या रविवारी मोजताना भिंगरी शिंकली आणि आकडा चौदा पूर्णांक सहा आला. आकड्याचा संशय आला तर एका जागी तीनदा मोजावं आणि सर्वांत मोठा आकडा धरावा, असा त्याच्या धंद्याचा नियम. त्याने तीनदा मोजलं. पुढच्या रविवारी पंधरा पूर्णांक एक. आता आठवडाभर थांबणं बेजबाबदारपणाचं झालं असतं, म्हणून तो बुधवारीही मोजू लागला. मग रोज. मग शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. तक्त्यामागे त्याने आलेख काढला होता. त्यातली रेघ सहा आठवडे जमिनीवर पडून होती, ती उठून जिना चढू लागली.

बाराव्या आठवड्यात आकडा सतरा पूर्णांक आठ झाला. त्याने कागद बायकोसमोर ठेवला.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"वाढतोय," तो म्हणाला.

मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनबाई उंचीने बेताच्या होत्या. शस्त्रक्रिया करताना त्या पायाखाली लाकडी पाट घेतात, असं बाहेरच्या नर्सने न विचारता सांगितलं होतं. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची एक कवटी होती. तिचं झाकण उघडायचं, आणि आत टाचण्या आणि रबरबँड ठेवलेले असायचे. मास्तरांनी त्या कवटीकडे एकदा पाहिलं आणि मानवजातीविषयी काही बोलायचं टाळलं.

बाईंनी बोटांनी चाचपलं, भिंगरीला एका पायावर उभं केलं, डोळ्यांत उजेड पाडला, मग मायक्रॉनचा तक्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. गेल्या बावीस वर्षांत असा कागद घेऊन आलेला पालक भेटला नव्हता, असं त्या म्हणाल्या. हे कौतुक आहे, हे मायक्रॉनच्या ध्यानात आलं. त्याने ते नोंदवून ठेवलं.

मग स्कॅन झाला. यंत्राच्या बोगद्यात मुलं रडतात, हलतात, त्यांना गुंगीचं औषध द्यावं लागतं. भिंगरीला ते लागलं नाही. हलायचं नाही म्हटल्यावर ती हललीच नाही. यंत्र चालवणारा बाहेर येऊन म्हणाला, की इतकं स्थिर मूल त्याने पाहिलेलं नाही, मोठी माणसंसुद्धा पापणी हलवतात. आईने भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तरांनी हे घराण्यात असल्याचं सांगितलं.

दोन दिवसांनी सर्जनबाईंनी दोन पडदे समोर ठेवले. डाव्या पडद्यावर हाडातलं ते गोल छिद्र होतं, स्वच्छ कडांचं, आणि आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. हाडातल्या रक्तवाहिन्यांची गाठ, त्या म्हणाल्या. हिमँजिओमा. मुलांच्या कवटीत क्वचितच होते, त्यांनी स्वतः आजवर तीनच पाहिल्या होत्या. निरुपद्रवी असते, कुठे पसरत नाही, काढून टाकली की विषय संपतो. आईने बऱ्याच दिवसांनी पूर्ण श्वास सोडला.

"पण," बाई म्हणाल्या.

पण ही गाठ वर्षानुवर्षं रेंगाळत वाढते. पाच आठवड्यांत साडेतीन मिलिमीटर, हे तिच्या स्वभावात बसत नाही. आणि उजव्या पडद्यावर, हाडाच्या बाहेर, कातडीखाली एक सुजलेला थर दिसत होता. तो त्यांना आवडला नव्हता. गाठ हाड फोडून बाहेर निघाली असेल, तर तिचं नाव दुसरं काही असू शकतं. मग त्यांनी तीन नावं घेतली. दोन सावकाश घेतली, तिसरं भरभर घेतलं. आधी एक छोटा तुकडा काढून तपासायचा. त्यात रक्त बरंच जाऊ शकतं, त्याची तयारी ठेवायची. मग नावाप्रमाणे पुढचं. कदाचित शिरेतून औषधं, सहा महिने, एक वर्ष. केस जातील. पुढच्या गुरुवारी बाकीच्या डॉक्टरांसमोर सगळं मांडून ठरवू.

मायक्रॉन ऐकत होता. बाईंच्या खुर्चीच्या पाठीला चार स्क्रू होते आणि त्यातला खालचा डावा अर्धा फेरा सैल होता.

तो आठवडा तिघांनी आपापल्या परीने काढला. मास्तर विश्वकोशाचे खंड घेऊन बसत आणि जरा वेळाने ते मिटून भिंगरीशी सापशिडी खेळत, हरत. आई कामावर जाई. एका गिऱ्हाइकाने यंत्रात मोजा अडकल्याबद्दल तिला वीस मिनिटं फैलावर घेतलं, आणि तिने त्याची इतक्या मनापासून माफी मागितली की तो घाबरला आणि काही अडचण आहे का, असं तिलाच विचारू लागला. मायक्रॉन मोजत होता. गुरुवारी बाई नेमकं विचारतील, तेव्हा आकडे कमी पडायला नकोत, म्हणून दिवसातून चारदा. बुधवारी आकडा अठरा पूर्णांक चारवर गेला.

गुरुवारी सर्जनबाईंनी दिवा जवळ ओढला आणि कंगव्याच्या दांडीने केस बाजूला केले. मग त्या थांबल्या.

इथे कुणी काही लावतं का, त्यांनी विचारलं. चोळतं का? शेकतं का?

खोलीत चौकशी समिती बसल्यासारखं झालं. आईने सांगितलं, की ती फणी जरा दाबून फिरवते, केस फार गुंततात. मास्तरांनी घसा साफ केला आणि दोनदा, फक्त दोनदा, गरम पाण्याची पिशवी लावल्याचं कबूल केलं. लेकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ती पिशवी कोमट असल्याची पुस्ती जोडली. लपवण्यासारखं मायक्रॉनकडे काही नव्हतं. तो कशालाच हात लावत नव्हता, फक्त मोजत होता. मोजल्याने वस्तू बदलत नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. पोलादाचं कडं हजारदा मोजा, ते जसंच्या तसं.

बाईंनी मग भिंगरीलाच विचारलं.

भिंगरी म्हणाली, कुणी काही करत नाही. फक्त बाबा मोजतो.

किती वेळा?

"शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर, जेवणाच्या आधी आणि झोपताना," भिंगरी म्हणाली. "आधी एकदाच मोजायचा."

बाईंनी मायक्रॉनकडे पाहिलं. "दाखवा."

त्याने खिशातून डबी काढली. त्याने काही म्हणायच्या आत भिंगरी तपासणीच्या स्टुलावर चढली, उजेडाकडे उजवी बाजू केली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली. इतकी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी झाली. बाई व्हर्निअरकडे पाहत नव्हत्या, त्या बोटांकडे पाहत होत्या. मायक्रॉनने जबडे टेकवले. कातडीवर दोन लालसर रेघा होत्या, समांतर, आणि जबडे त्या रेघांत नेमके जाऊन बसले. इतका अचूक बसलेला भाग त्याने कारखान्यातही क्वचित पाहिला होता.

"एवढं घट्ट?" बाई म्हणाल्या.

"सैल धरलं तर रीडिंग येत नाही," मायक्रॉन म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातून व्हर्निअर काढून घेतला आणि प्लॅस्टिकच्या कवटीत, टाचण्यांजवळ ठेवला. मग पहिला एक्स-रे आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावले.

"हाडातलं छिद्र तेव्हा चौदा होतं," त्या म्हणाल्या. "आजही चौदाच आहे. बाकीची सगळी सूज कातडीची. सहा आठवडे तुम्ही मुलीला चिमटा काढताय, आणि तो किती सुजला याचा आलेख काढून मला आणून दाखवताय. आणि मी तो वाचतेय."

शेवटचं वाक्य त्या स्वतःला उद्देशून बोलल्या असाव्यात. आईने भिंगरीला स्टुलावरून उतरवलं आणि तिचे हात एकेक करून आपल्या हातात घेतले.

बाहेरच्या लांब मार्गिकेत मायक्रॉन आणि भिंगरी पुढे चालत होते. एका बाजूला चाकांच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. त्यांच्यापाशी आल्यावर त्याने विचारलं, दुखायचं का.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

भिंगरीने जरा विचार केला. "तू हलायचं नाही म्हणाला होतास. बोलू नको असं नव्हतास म्हणाला. पण बोललं की डोकं हलतं."

मायक्रॉनला यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. तो "बरं" म्हणाला. आता तरी काही वाटेल म्हणून त्याने वाट पाहिली. खुर्च्या संपल्या, मार्गिका संपली, ते बाहेर रस्त्यावर आले.

जेवताना बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं, कारखान्यात हे केलं असतंस तर काय झालं असतं. टोमणा होता, पण मायक्रॉनला प्रश्न विचारला की तो उत्तर देई. लेखी खुलासा द्यावा लागला असता, तो म्हणाला.

"मग दे," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर त्याने खुलासा लिहिला. तारीख, वस्तूचे नाव, दोषाचे स्वरूप, सगळं व्यवस्थित. 'दोषाचे कारण' या ओळीवर त्याचं पेन बराच वेळ थांबलं आणि काही न लिहिता खाली उतरलं. बायकोने कागद वाचला, ती मोकळी ओळ पाहिली, घडी घातली आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिला. मग त्याला म्हणाली, की गॅसवर दूध आहे, बघ.

व्हर्निअर बाईंनी परत दिला, तो त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भांडारात जमा केला. भांडारप्रमुखाने खराब झालाय का विचारलं. "नाही," मायक्रॉन म्हणाला, "बरोबर आहे."

आठ दिवस कुणी त्या जागेला हात लावला नाही. आईने फणीसुद्धा बाजूने वळवली. सूज चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी विरघळली, आणि तपासल्यावर बाईंनी पुढे ढकललेली बाकीच्या डॉक्टरांची सभा रद्द केली. आधी तुकडा काढायचं कारण उरलं नव्हतं. एकच शस्त्रक्रिया, गाठ आसपासच्या थोड्या हाडासकट अखंड काढायची. त्यांची खात्री किती, असं आईने विचारलं. नव्वद टक्के, बाई म्हणाल्या. उरलेले दहा प्रयोगशाळेत. तिथे तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईल आणि आठ दिवसांनी जे येईल, ते खरं. तोवर मीही तुमच्याइतकीच वाट पाहणारी.

काढलेल्या जागी काय, हे मायक्रॉनने विचारलं. शेजारच्या हाडाचा पातळ पापुद्रा सोलून तो तिथे बसवायचा. किती फट चालते? बाई म्हणाल्या, थोडी राहिली तर राहू द्यायची, मुलांचं हाड वाढून ती भरून काढतं. थोडी म्हणजे किती, हे मायक्रॉनला विचारायचं होतं. बायकोने त्याच्या बाहीला धरून त्याला उठवलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भिंगरीच्या उजव्या कानावरचे केस भादरले होते. बाकीच्या केसांची आईने वेणी घातली होती. चाकांच्या खाटेवरून जाताना भिंगरीने छतावरचे दिवे मोजले आणि दार येईपर्यंत सतरा झाले, असं ओरडून सांगितलं. मग दार मिटलं.

प्रतीक्षाकक्षात निळ्या खुर्च्या होत्या, जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कुणीतरी केक बनवत होतं. मास्तर एका टोकाला बसल्या बसल्या झोपले, किंवा झोपल्यासारखे बसले. दीड तास झाल्यावर बायकोने समोर बघतच विचारलं, "तुला काही वाटतंय का रे?"

"अजून नाही."

"मलापण नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघाड आहे."

टीव्हीवरच्या बाईने केक ओव्हनमध्ये ठेवला. मायक्रॉनच्या बायकोने मान ताठ केली आणि आपल्या कामावरच्या आवाजात, गोड, सपाट, कुणालाच न उद्देशून म्हणाली, "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. बहात्तर तासांत आमचा माणूस येईल."

"येतो का?" मायक्रॉनने विचारलं.

"कधी कधी," ती म्हणाली.

त्यांना हसू आलं नाही, पण हसू जिथे येतं ती जागा दोघांना सापडली. तिने आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो तिथे राहिला, एखादी वस्तू राहावी तसा.

साडेतीन तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीखाली त्यांच्या कपाळावर इलॅस्टिकचा वळ होता. सगळं ठीक झालं होतं, रक्त बेताचंच गेलं होतं, गाठ अखंड निघाली होती. तुकडा बरणीतून प्रयोगशाळेत गेला होता. पापुद्रा बसवलाय, त्या मायक्रॉनला म्हणाल्या, आणि एका बाजूला फट राहिली आहे. किती ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, आणि बाईंनी हे त्याच्या बाजूने धरलं असावं, कारण जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

चौथ्या दिवशी भिंगरी घरी आली. डोक्याला पांढरं बांधलेलं, उजवा डोळा सुजून अर्धा मिटलेला. तिने पहिल्या तासात आरशात पाहून आपण समुद्री चाचा झाल्याचं जाहीर केलं आणि मास्तरांना कैद केलं. मास्तर त्या दिवसापासून खुर्चीला दोरीने बांधलेले होते, फक्त जेवायला सुटत. बाकीची दोघं कामावर गेली नाहीत. घरात कुणी दहा टक्क्यांचं नाव काढत नव्हतं. पण फोन वाजला की तिघंही त्याच्याकडे बघत आणि तिघंही उचलत नसत, मग चौथ्या-पाचव्या घंटीला भिंगरी आतून ओरडून कुणीतरी घ्या ना, म्हणे.

आठव्या दिवशी अहवाल तयार असल्याचा निरोप आला. मायक्रॉन तो घेऊन आला. रुग्णालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने पाकीट सही घेऊन दिलं होतं, चिकटवलेलं. सर्जनबाई शस्त्रक्रियेत होत्या. रस्त्यात उघडायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं आणि त्याने उघडलं नव्हतं. पाकिटाची जाडी मात्र बोटांनी पाहिली होती. एकच पान असावं.

भिंगरी पलंगावर पांघरूण घेऊन पडली होती, छातीवर चित्रांचं पुस्तक. मास्तर खुर्चीत होते, कैदेतच. बायको येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत आली नाही. मायक्रॉन पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि पाकिटाची कड सरळ फाडली.

त्याने वाचायला सुरुवात केली ती अगदी वरून. रुग्णाचं वय, नमुना मिळाल्याची तारीख. नमुना: कवटीच्या हाडाचा एक तुकडा, एकतीस बाय एकोणतीस बाय सहा मिलिमीटर. रंग: तांबूस करडा. कापल्यावर आत जाळीदार रचना. मास्तर चुळबुळले. जावईबापू, निदान खाली असतं, ते म्हणाले, एकदम खाली जा.

"वाचू दे त्याला," बायको दारातून म्हणाली. "क्रमाने वाच."

तो क्रमाने वाचत गेला. पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या. त्यांच्यामध्ये हाडाच्या बारीक पट्ट्या. पेशींचे आकार सारखे. मग एक मोकळी ओळ होती, आणि त्याखाली, जरा जाड अक्षरात: हाडातील रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. सर्व कडा गाठीपासून मोकळ्या. घातक पेशी आढळल्या नाहीत.

तो ते वाचून थांबला. मग पुन्हा वाचलं, या वेळी बोट ठेवून. सगळे शब्द जागच्या जागी होते.

बायको चौकटीला पाठ घासत हळूहळू खाली आली आणि जमिनीवर बसली, पाय समोर पसरून, लहान मुलं बसतात तशी. मास्तरांनी चष्मा काढला. ते दोरीसकट अर्धवट उठले होते, आणि निसर्ग, विज्ञान व मानवजात या तिन्हींना एका वाक्यात बसवण्यासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला होता. पण वाक्य आलं नाही, नुसता श्वासच आत-बाहेर होत राहिला.

मायक्रॉन कागद धरून बसला होता. कागदाची वरची कड हलत होती. खिडकी बंद होती, म्हणजे वारा नव्हता. आपलाच हात हलतोय, हे त्याला बघून कळलं. मग छातीच्या खालच्या बाजूने, फार लांबून, काहीतरी वर येऊ लागलं. इतके आठवडे ज्याची तो वाट बघत होता, ते हेच असावं. ते मोठं होतं आणि त्याला घाई नव्हती. त्याची हनुवटी त्याला न विचारता आत ओढली गेली. बायको जमिनीवरून त्याच्याकडे बघत होती. मास्तर बघत होते.

भिंगरीने छातीवरचं पुस्तक खाली केलं.

"बाबा," ती म्हणाली, "तू माझ्या पायावर बसलायस. जरा सरक ना."